समुद्राच्या तळाचा मालक कोण? महासत्ता बदलताना नियमांचे काय होते

गोव्यात फोंड्याला महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी मला प्रश्न विचारला आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनी एप्रिल 2025 मध्ये आदेश काढला की कुणाच्याच हद्दीत नसलेल्या खोल समुद्रातली खनिजे काढायचे परवाने अमेरिकी सरकार स्वतःच देईल. या समुद्रतळासाठी संयुक्त राष्ट्रांचा करार आहे आणि जमैकात किंग्स्टनला त्याचे प्राधिकरणही आहे. मग तो करार आता नुसता कागद उरला का? आणि अमेरिका पाय मागे घेत असताना, चीन वर येत असताना, भारताने अशा नियमांवर किती भिस्त ठेवावी? मी भूशास्त्रज्ञ. दोनापावलाहून निघणाऱ्या जहाजांवर हिंदी महासागराच्या तळाचे सर्वेक्षण करण्यात नोकरीची बरीच वर्षे गेली, पुढे किंग्स्टनच्या बैठकांना भारतीय शिष्टमंडळाबरोबर बसलो. म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंत आला.

बाई, आधी उत्तर सांगतो, मग कारणे. करार मेलेला नाही. तो टिकण्याची गरज अमेरिकेपेक्षा आणि चीनपेक्षाही भारताला जास्त आहे. पण त्यातला सर्वात मोलाचा भाग, म्हणजे मिळकत कशी वाटायची, अजून लिहून पुरा झालेला नाही आणि यंत्रे मात्र तयार झाली आहेत. माझी खरी काळजी ती आहे.

भांडण कशासाठी चालले आहे ते आधी डोळ्यांसमोर यायला हवे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, पाच किलोमीटरहून खोल पाण्याखाली, मऊ गाळावर काळपट तपकिरी गोटे पसरलेले असतात. त्यांना आम्ही नोड्यूल म्हणतो. मुठीत मावेल असा एखादा, काही त्याहून लहान. पाण्याकडची बाजू गुळगुळीत, गाळात रुतलेली बाजू खरखरीत. आत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट. दहा लाख वर्षांत हा गोटा जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. तो वर आणायला आम्ही पोलादी जबड्याचे नमुनापात्र दोरीशिवाय समुद्रात सोडत असू. वजनाने ते तळाशी जाते, टेकले की जबडा मिटतो, वजन तिथेच सुटते आणि बरोबरचे फ्लोट त्याला परत वर खेचतात. काही तास जातात. मग सगळे कठड्याशी उभे राहून लाटांवर त्याचा दिवा शोधतात. एका ठिकाणचे थोडे गोटे, असे शेकडो ठिकाणी करत गेले की नकाशा तयार होतो. वाटाघाटीच्या टेबलावर भारताची जी काही पत आहे ती या नकाशांनी कमावलेली आहे. भाषणांचा त्यात वाटा फार थोडा.

दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागरातून पहिले नोड्यूल वर काढले ते 26 जानेवारी 1981 रोजी. पुढच्याच वर्षी समुद्र कायद्याचा करार झाला, तेव्हा सुरुवातीपासून गुंतवणूक करणाऱ्या देशांना जो खास दर्जा दिला गेला त्यात फ्रान्स, जपान आणि सोव्हिएत संघ यांच्या जोडीला भारताचे नाव आले. ऑगस्ट 1987 मध्ये भारताच्या नावाने मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र नोंदले गेले. नियमाप्रमाणे त्यातले अर्धे परत केल्यावर आज 75,000 चौरस किलोमीटर आपल्याकडे आहे. गोवा राज्याचे क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. म्हणजे जवळजवळ वीस गोवे मावतील एवढा समुद्रतळ.

आता या 75,000 चौरस किलोमीटरवर भारताचा हक्क कशाने टिकतो, हे तुमच्या विद्यार्थ्यांना विचारा. नौदलाने? तिथे रोज गस्त घालणे कुणालाच शक्य नाही आणि त्या पाण्यात कुणाचेही जहाज फिरू शकते. हक्क टिकतो तो केवळ किंग्स्टनमध्ये ठेवलेल्या एका करारपत्रामुळे आणि सुमारे 170 सदस्यांनी त्या करारपत्राला मान दिल्यामुळे. म्हणून ‘बळी तो कान पिळी’ हेच जगाचे खरे रूप असे ठरवून आपण नियमांची थट्टा करू लागलो, तर पहिले नुकसान आपले आहे.

सत्तेच्या सरकण्याबद्दल बोलताना लोक अमेरिका खाली, चीन वर एवढ्यावर थांबतात. पण समुद्रतळाचा हा नियमच मुळी आधीच्या एका सत्तांतरातून जन्मला आहे, आणि त्या सत्तांतरात गोवाही होता. 1960 साली संयुक्त राष्ट्रांत एका वर्षात 17 नवे देश आले, त्यातले 16 आफ्रिकेतले. आमसभेचा तोलच बदलला. त्याच वर्षी 15 डिसेंबरला आमसभेने ठराव करून पोर्तुगालला बजावले की गोवा धरून तुमच्या ताब्यातले प्रदेश हे पोर्तुगालचे प्रांत नव्हेत, ते स्वशासन नसलेले प्रदेश आहेत. पोर्तुगालने जुमानले नाही. तो नाटोच्या छत्राखाली होता. वर्षभराने, 18 डिसेंबर 1961 रोजी, भारतीय सैन्य गोव्यात शिरलेले असताना अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी सुरक्षा परिषदेत शस्त्रसंधी आणि सैन्यमाघारीचा ठराव आणला. बाजूने 7 मते, विरोधात 4. सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो पडला. त्यामुळे नकाराधिकाराला सरसकट अन्याय म्हणताना आपण गोवेकरांनी जरा थांबून बोलावे, असे मला वाटते. तो कुणाच्या हातात आहे आणि कशासाठी वापरला जातो, हे पाहिल्याशिवाय त्याबद्दल काहीच ठरवता येत नाही.

वसाहतींतून सुटलेल्या याच देशांच्या बहुमतातून पुढे समुद्रतळाचा विचार आला. 1967 मध्ये माल्टाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी आमसभेत मांडले की राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा तळ मानवजातीचा सामाईक वारसा मानावा. 1970 मध्ये आमसभेने तो विचार 108 विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारला, 14 देश तटस्थ राहिले. त्याच वर्षी खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनीही खोल समुद्रतळाची साधनसंपत्ती सामाईक वारसा मानायची तयारी दाखवली होती. बारा वर्षांनी करार मतास आला तेव्हा बाजूने 130, विरोधात 4, आणि त्या चौघांत अमेरिका. 1994 मध्ये अमेरिकेच्या आग्रहानुसार खाणकामाचा भाग सौम्य केला गेला, अमेरिकेने त्या दुरुस्तीवर सही केली, पण सिनेटने मान्यता कधीच दिली नाही. म्हणजे अमेरिका बाहेर राहिली ती 2025 मध्ये नव्हे. ती पहिल्यापासून दारात उभी आहे आणि एवढी वर्षे नियम बहुतांशी पाळतही आली. आता फरक पडला तो इतकाच की दारात उभे राहण्याऐवजी तिने शेजारी स्वतःचे दार उघडले.

त्या दारातून आत जायला कोण तयार झाले, हे पाहण्यासारखे आहे. कॅनडातली एक कंपनी. याच कंपनीला आधी किंग्स्टनच्या प्राधिकरणाकडून नाउरू आणि टोंगा या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या देशांच्या पाठिंब्याने शोधकामाची क्षेत्रे मिळाली होती. करारात एक सुंदर तरतूद आहे: अर्जदाराने सारख्या किमतीची दोन क्षेत्रे शोधून दाखवायची, त्यातले एक प्राधिकरण राखून ठेवणार, विकसनशील देशांसाठी. गरिबांसाठी राखलेली ही जागा शेवटी छोट्या देशाच्या नावावर बाहेरच्या भांडवलाकडे गेली. मग जून 2021 मध्ये नाउरूने एक कलम वापरले. नियमावली दोन वर्षांत पुरी करा, नाही तर आहे त्या अवस्थेत अर्ज विचारात घ्या. जुलै 2023 मध्ये मुदत संपली. नियमावली पुरी झाली नाही. कंपनीने वाट पाहिली आणि मग आपल्या अमेरिकी उपकंपनीमार्फत वॉशिंग्टनकडे अर्ज केला.

मी नाउरूला दोष देत नाही. फॉस्फेटच्या खाणींनी त्या बेटाचा मधला भाग इतरांच्या शेतांसाठी खरवडून नेला, मागे उरले चुनखडीचे सुळके. असा देश उत्पन्नाची वाट शोधणारच. पण या घटनेतून आंतरराष्ट्रीय कारभाराची दुखरी जागा उघडी पडते. नियम करणाऱ्यांना सर्वांची संमती हवी असते, त्यामुळे ते सावकाश चालतात. तंत्रज्ञान आणि भांडवल कुणाच्या संमतीसाठी थांबत नाही. प्राधिकरणाच्या 36 सदस्यांच्या परिषदेत पाच गट आहेत: मोठे ग्राहक, मोठे गुंतवणूकदार, खनिज निर्यातदार, विशेष गरजा असलेले विकसनशील देश, आणि उरलेले भौगोलिक वाटपाने. भारत गुंतवणूकदारांच्या गटात बसतो. तज्ज्ञांच्या आयोगाने एखादी खाणयोजना मंजूर करा म्हटले, तर ती फेटाळायला परिषदेत दोनतृतीयांश मते लागतात आणि शिवाय गटागटात बहुमत. म्हणजे ‘हो’ म्हणणे सोपे, ‘नाही’ म्हणणे कठीण, अशीच घडण आहे. हे कलम 1994 च्या दुरुस्तीतले, श्रीमंत देशांना आत आणण्यासाठी घातलेले. ज्यांच्यासाठी घातले त्यांतला सर्वात मोठा आत आलाच नाही, कलम मात्र राहिले.

आणि चीन? संयुक्त राष्ट्रांच्या खर्चात 2000 साली चीनचा वाटा सुमारे 1 टक्का होता, आज तो सुमारे 20 टक्के आहे. समुद्रतळ प्राधिकरणात अमेरिका सदस्य नसल्याने सर्वात मोठी वर्गणी चीनची, आणि शोधकामाचे सर्वाधिक, पाच करारही चीनकडे. अमेरिकी आदेश निघाला तेव्हा हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे उल्लंघन आहे असे चीनने ठणकावून सांगितले. ते बरोबरच होते. पण याच समुद्र कायद्याच्या करारानुसार नेमलेल्या लवादाने 12 जुलै 2016 रोजी दक्षिण चीन समुद्राबाबत फिलिपिन्सच्या बाजूने निवाडा दिला, तो चीनने साफ नाकारला आहे. एक महासत्ता कराराबाहेर राहून त्याचे फायदे घेते, दुसरी आत राहून नको ते पान फाडते. बदलत्या सत्तेत नव्याकडून जुन्यापेक्षा चांगल्या वागणुकीची हमी मिळते असे मानायला मला तरी आधार दिसत नाही.

या दोघांसमोर मी तिसरे उदाहरण ठेवतो, आणि ते सांगताना मला अभिमान वाटतो. बंगालच्या उपसागरातल्या हद्दीचा वाद बांगलादेशाने याच करारानुसार लवादाकडे नेला. जुलै 2014 मध्ये निकाल लागला. वादातल्या सुमारे 25,600 चौरस किलोमीटरपैकी साधारण 19,500 बांगलादेशाला मिळाले. भारत कितीतरी मोठा, आरमार मोठे, तरी निकाल मान्य केला. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. किंग्स्टनला मात्र छोट्या देशांच्या प्रतिनिधींना तो निकाल ठाऊक असे. चहाच्या वेळी बाजूला घेऊन ते जे मोकळेपणाने बोलत, त्यामागे हा भरवसा असे. मोठ्या देशाने हरूनही नियम पाळला, ही पत पैशाने विकत मिळत नाही.

जिनिव्हाच्या जागतिक व्यापार संघटनेची गत तुम्हाला माहीत असेल. तिथे अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या. साखर अनुदानाच्या खटल्यात विरोधात गेलेल्या निकालावर भारतानेही त्या बंद मंडळाकडे अपील करून ठेवले आहे, म्हणजे निकाल तिथेच अडकून पडला. तेव्हा आपलेही हात अगदी कोरडे आहेत असे नाही.

अमेरिकी परवान्याचे पुढे काय होईल? कराराचे कलम 137 सांगते की प्राधिकरणाला डावलून काढलेल्या खनिजावरचा हक्क सदस्य देशांनी मान्य करायचा नाही. जहाजाला झेंडा लागतो, विमा लागतो, माल उतरवायला बंदर लागते, गाळायला कारखाना लागतो, कर्ज द्यायला बँक लागते. यातल्या बहुतेक गोष्टी ज्या देशांत आहेत ते कराराचे सदस्य आहेत. नियमाची ताकद तिथे आहे. सदस्यांनी आपापल्या कायद्यात स्पष्ट लिहून ठेवले की असा माल आमच्या बंदरात येणार नाही, तर एकट्या महासत्तेचा परवाना बराच पांगळा होतो. भारतानेही ते लिहावे असे माझे मत आहे.

आता वाटणीकडे येतो. हे मी गोव्याचा म्हणून लिहितो आहे, भूशास्त्रज्ञ म्हणून कमी.

आपल्या डोळ्यांदेखत एक खनिज संपत्ती कशी गेली, ते आपण पाहिले आहे. पोर्तुगीजांनी दिलेल्या लोहखनिजाच्या खाणी, त्यांचे 1987 च्या कायद्याने झालेले पट्टे, आधी जपानला जाणारे खनिज. मग चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली आणि पूर्वी टाकाऊ म्हणून डंपावर ढकललेल्या कमी प्रतीच्या मातीलाही भाव आला. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथले रस्ते टिपरांनी भरले, मांडवी-जुवारीत बार्जींची रांग लागली, मुरगावहून 2010-11 मध्ये 5 कोटी टनांपेक्षा जास्त खनिज बाहेर गेले. शेतांत गाळ आला, विहिरी आटल्या. 2012 मध्ये सगळे थांबले. एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक उत्पादनावर 2 कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या उत्पन्नातला 10 टक्के हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितला. न्यायालयाने सांगितले ते योग्यच. पण ते केव्हा सांगितले? सर्वात जास्त माल जहाजात भरून गेल्यावर. बीजिंगमधल्या मागणीने सांगे तालुक्यातल्या माणसाचे आयुष्य उलटेपालटे झाले आणि त्याच्या बाजूने बोलणारा नियम उशिरा पोहोचला. सत्ता जगात कुठे सरकते आहे याचा अर्थ आम्हाला असा कळला.

समुद्रतळावर हे उलट क्रमाने करायची संधी आहे, कारण तिथे व्यापारी उपसा अजून सुरू झालेला नाही. करार म्हणतो की मिळकत सर्व मानवजातीच्या हितासाठी, विकसनशील देशांकडे विशेष लक्ष ठेवून. एवढेच. स्वामित्वधन (रॉयल्टी) किती, ते कोणाला, ज्यांच्या जमिनीवरच्या तांब्या-कोबाल्टच्या खाणींना फटका बसेल त्या आफ्रिकी देशांची भरपाई कशी, तळाचे नुकसान झाले तर निधी कुठून, पुढच्या पिढ्यांचा हिस्सा किती, हे सगळे वाटाघाटीत अडकले आहे. भारताच्या शिष्टमंडळात असताना गुंतवणूकदाराच्या खुर्चीतून बोलायचा दबाव असतो: दर कमी ठेवा, उद्या आपल्यालाच भरायचे आहेत. मला तो दृष्टिकोन आखूड वाटत आला आहे. पहिला टन वर येण्याआधी निधीची तरतूद नियमावलीत घाला, कायमस्वरूपी निधी म्हणून घाला, आणि भारताने त्यासाठी आफ्रिकी गटाच्या बरोबरीने उभे राहावे. गोव्याच्या निकालाचा दाखला तिथे भारतीय प्रतिनिधी देऊ शकतो, दुसरे कुणी देऊ शकणार नाही.

सामाईक मालकीचा विचार आपल्याला परका नाही. गोव्यातल्या जमिनीच्या ग्रामसंस्था, म्हणजे गावकरी, आजच्या कोमुनिदाद, पोर्तुगीजांच्याही आधीच्या. त्यांच्या चालीरीती पोर्तुगीजांनी 1526 मध्ये लिहून काढल्या. जमीन गावाची, पावणी (लिलाव) करून कसायला द्यायची, आलेल्या पैशातून आधी बांधांची डागडुजी आणि गावाचा खर्च, उरलेले गावकारांत वाटायचे. आधी बांध, मग वाटणी, हा क्रम मला समुद्रतळासाठीही योग्य वाटतो. पण या व्यवस्थेतली खोटही विसरायची नाही: वाटा पुरुषांच्या वंशाने जाई, बायकांना आणि कसणाऱ्या पुष्कळांना त्यात जागा नव्हती. किंग्स्टनमध्येही प्रश्न तोच आहे. मानवजात म्हणायचे आणि टेबलावर बसायला पैसा, जहाज आणि शास्त्रज्ञ असलेलेच यायचे, असे होत आले आहे. छोट्या देशांचा एकुलता एक प्रतिनिधी एकाच वेळी चाललेल्या दोन बैठकांपैकी एकच गाठू शकतो.

उपसाच करू नये असे म्हणणारे देशही आता जवळपास चाळीस झाले आहेत. त्यांच्या म्हणण्यात शास्त्रीय वजन आहे. प्रशांत महासागरात 1970 च्या दशकात चाचणीसाठी ओढलेल्या यंत्रांचे माग दशके उलटून गेल्यावरही तळावर दिसतात. ज्या गोट्याला वाढायला लाखो वर्षे लागली तो काढल्यावर त्यावर चिकटून राहणारा जीव जाणार कुठे? मी स्वतः थांबण्याच्या बाजूचा आहे, निदान पुरेसे समजेपर्यंत. भारत सरकारचे धोरण वेगळे आहे; सप्टेंबर 2025 मध्ये कार्ल्सबर्ग कटकावर (समुद्राखालच्या डोंगररांगेवर) धातुयुक्त सल्फाइडच्या शोधाचा नवा करारही झाला, आणि ते काम वास्कोच्या ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्राकडे आहे. शोध घ्यावा, नकाशे करावेत, जीवसृष्टीची नोंद ठेवावी, यात माझा विरोध नाही. माहिती नसलेल्या देशाचे कुणी ऐकत नाही, हे मी पाहिले आहे.

तुमच्या प्रश्नाची खरी परीक्षा दूर प्रशांत महासागरात न होता आपल्याच शेजारी होणार आहे. जानेवारी 2024 मध्ये भारताने अफानासी निकितिन या समुद्रपर्वतावरच्या कोबाल्टयुक्त थरासाठी अर्ज केला. श्रीलंकेने 2009 मध्येच त्या भागावर आपला विस्तारित खंडमंच, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्याखाली पुढे पसरलेली आपली जमीन, म्हणून दावा सांगितलेला आहे, आणि त्या दाव्याचा निर्णय न्यूयॉर्कला खंडमंचाच्या हद्दी ठरवणाऱ्या आयोगाकडे पडून आहे. चीनने श्रीलंकेत बंदरे बांधली आहेत, त्यामुळे दिल्लीत घाई करावीशी वाटणारे लोक असणार. मला विचाराल तर अर्ज रेटण्याआधी कोलंबोशी बसावे, संयुक्त शोधाचा प्रस्ताव द्यावा, श्रीलंकेच्या शास्त्रज्ञांना आपल्या जहाजावर घ्यावे आणि आयोगाचा निर्णय येईपर्यंत थांबावे. बांगलादेशाच्या वेळी आपण जे केले त्यापेक्षा हे सोपे आहे, कारण इथे अजून काही गमावलेले नाही. विद्यार्थ्यांना या अर्जाचा मागोवा ठेवायला सांगा. प्राधिकरणाचे बरेचसे कागद त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात.